आधी कोणती रेघ

पूर्ण झालेले अक्षर पाहून ते कोणत्या रेघेपासून सुरू झाले हे बहुधा सांगता येत नाही. तरीही चिनी लेखनपरंपरेत अक्षरातील रेघा कोणत्या क्रमाने काढाव्यात या गोष्टीला अक्षराच्या आकाराइतकेच महत्त्व दिले जाते, आणि दिसायला निर्दोष असलेले अक्षरसुद्धा क्रम चुकवून काढले असेल तर शिक्षक ते पुन्हा गिरवायला लावतो. जे फळात दिसत नाही त्याचा आग्रह कृतीत का धरावा, असा हा प्रश्न आहे. तो वरवर सुलेखनाचा वाटला तरी मुळात धर्मविचाराचा आहे, कारण यज्ञ असो, पूजा असो वा श्राद्ध, अमुक आधी आणि तमुक नंतर या बंधनाला आधार कोणता, हे कोणत्याही विधीला विचारावेच लागते. भारतात या प्रश्नाचा सर्वांत चिवट विचार मीमांसकांनी केला आणि त्यावर सर्वांत मूलगामी आक्षेप बौद्धांनी घेतला. चंद्रपूर आणि गडचिरोली या वनजिल्ह्यांत मराठी, गोंडी, माडिया आणि तेलुगू या भाषा शेजारी नांदतात आणि गोंडीला स्वतःची लिपी असावी ही आकांक्षा जिवंत आहे. त्यामुळे तेथे हा प्रश्न ग्रंथापुरता उरत नाही.

चिनी लेखनाचे सामान्य नियम थोडे आहेत: वरची रेघ खालच्या रेघेआधी, डावी उजवीआधी, आडवी उभीआधी, बाहेरची चौकट आतल्या भागाआधी, पण चौकट बंद करणारी खालची रेघ सर्वांत शेवटी. या शेवटच्या नियमासाठी मुलांना असे शिकवतात की आधी माणसांना आत येऊ द्यावे आणि मग दार लावावे. यांपैकी बऱ्याच नियमांचे प्रयोजन उघड आहे. उजव्या हाताने कुंचला धरणाऱ्याचा हात ओल्या शाईवर पडत नाही, एका रेघेचा शेवट पुढच्या रेघेच्या आरंभाजवळ येतो, आणि हात सरावला की अक्षर आठवण्याचे अर्धे काम बोटेच करतात. जलद लेखनात हे प्रयोजन अधिक स्पष्ट होते, कारण तेथे सुट्या रेघा एकमेकींना जोडल्या जातात आणि जोड कोणत्या रेघेपासून कोणत्या रेघेकडे गेला आहे हे ज्याला माहीत आहे त्यालाच ते अक्षर वाचता येते. भ्रमणध्वनीवर रेघांचे पाच प्रकार क्रमाने दाबून अक्षर मिळवण्याची पद्धतही याच क्रमावर उभी आहे.

एवढ्याने क्रमाचे समर्थन पुरे झाले असते, तर सर्वत्र एकच क्रम दिसायला हवा होता. प्रत्यक्षात तसे नाही. ‘राजा’ या अर्थाच्या अक्षरात तीन आडव्या रेघा आणि एक उभी रेघ आहे. चीनमध्ये दोन आडव्या काढून मग उभी काढतात, तर जपानमध्ये पहिल्या आडव्या रेघेनंतर लगेच उभी येते. ‘शेत’ या अर्थाच्या चौकटीच्या अक्षरातही आतली आडवी आधी की उभी आधी, याबाबत दोन्ही देशांचे उत्तर वेगळे आहे. जपानच्या शिक्षण मंत्रालयाने १९५८ मध्ये, तैवानने १९९६ मध्ये आणि चीनने, सात हजार अक्षरांसाठी, १९९७ मध्ये आपापला अधिकृत क्रम प्रसिद्ध केला. जपानी मार्गदर्शिकेने तर स्वतःच नोंदवून ठेवले आहे की जे क्रम तीत घेतलेले नाहीत ते चूक मानण्याचा किंवा नाकारण्याचा हेतू नाही. शासकीय नियमपुस्तकात इतका संयम विरळाच दिसतो, आणि वर्गातल्या शिक्षकापर्यंत तो क्वचितच पोहोचतो.

याचा अर्थ, क्रम असावा याला दृश्य कारण आहे, पण हाच क्रम का, याला प्रत्येक ठिकाणी दृश्य कारण देता येत नाही. मीमांसाशास्त्राने नेमका हा भेद ओळखला होता. वैदिक वाक्यांचा अर्थ लावून कर्तव्य ठरवणारे हे शास्त्र कर्माच्या फळाचे दोन प्रकार मानते: जे डोळ्यांना दिसते ते दृष्ट, आणि जे शास्त्रवचनावरूनच मानावे लागते ते अदृष्ट. दृष्ट फळ मिळत असेल तर अदृष्टाची कल्पना करू नये, हा मीमांसकांचा कटाक्ष. यज्ञासाठी भात कांडावे असे विधान आहे, आणि कांडण्याचे फळ तर उघड आहे, तूस निघून तांदूळ मिळतो. मग जे सर्वांना ठाऊक आहे ते वेदाने कशाला सांगावे? त्यावर उत्तर असे की तूस नखांनी सोलूनही काढता येते, अशा वेळी विधी शक्य असलेल्या मार्गांपैकी एकच मार्ग नेमून देतो. अशा विधीला नियमविधी म्हणतात. तांदूळ हे कांडण्याचे दृष्ट फळ आहे, पण कांडूनच काढायचा या बंधनाचे फळ मात्र अदृष्ट मानले गेले, आणि त्याला नियमापूर्व असे नाव मिळाले. म्हणजे नियम पाळल्याने निर्माण होणारी, पुढे फळ देणारी अदृश्य शक्ती. चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या भातशेतीच्या झाडीपट्टीत हे उदाहरण समजावून सांगावे लागत नाही, मात्र गिरणी आल्यापासून नियमाचा भाग किती उरला हा प्रश्न तेथेही विचारता येईल.

रेघांचा क्रम या चौकटीत तंतोतंत बसतो. अक्षर हे दृष्ट फळ अनेक मार्गांनी सिद्ध होऊ शकते. शिक्षक त्यांपैकी एकच मार्ग नेमून देतो. आणि त्या बंधनातून काय मिळते हे त्या एका अक्षरात दाखवता येत नाही. फरक इतकाच की शिक्षकापाशी वेदवचन नसते, आणि म्हणून त्याने अदृष्टाचा आधार घेतला तर त्याला तो सिद्ध करता येत नाही.

क्रमाबद्दल मीमांसकांनी आणखी बारकाईने विचार केला आहे. जैमिनीच्या मीमांसासूत्रांचा पाचवा अध्याय याच विषयाला वाहिलेला आहे, आणि पुढे लौगाक्षि भास्कराच्या ‘अर्थसंग्रह’ या प्रवेशग्रंथात क्रम ठरवण्याची सहा साधने मोजली आहेत: श्रुती, अर्थ, पाठ, स्थान, मुख्य आणि प्रवृत्ती. श्रुती म्हणजे ‘हे करून मग ते करावे’ असे थेट विधान. अर्थ म्हणजे प्रयोजनाने ठरणारा क्रम. पाठ म्हणजे ग्रंथात वाक्ये ज्या ओळीने आली तो क्रम. आधीचे साधन नंतरच्याहून बलवान असते. ग्रंथात अग्निहोत्राच्या होमाचे वाक्य आधी आणि लापशी शिजवण्याचे वाक्य नंतर आले असले तरी लापशी होमासाठीच असल्यामुळे ती आधी शिजवावी लागते. प्रयोजन पाठावर मात करते.

देवनागरीतील ऱ्हस्व वेलांटी हे या संघर्षाचे घरचे उदाहरण आहे. ‘कि’ उच्चारताना क आधी आणि इ नंतर येते, पण कागदावर वेलांटी क-च्या डावीकडे बसते. तेव्हा लिहिताना आधी वेलांटी काढावी की आधी क? जुन्या मराठी टंकलेखन यंत्रावर जागेच्या क्रमाने वेलांटी आधी उमटवावी लागे. आजच्या संगणकातील युनिकोड या संकेतप्रणालीत मात्र उच्चाराचा क्रम राखून व्यंजन आधी साठवले जाते आणि वेलांटी पडद्यावर मागाहून डावीकडे सरकते. हाताने लिहिणारे दोन्ही रीतींनी लिहितात आणि कोणाचेही अक्षर त्यामुळे अशुद्ध ठरत नाही.

शिरोरेघेचे उदाहरण याहून बोलके आहे. बालबोध म्हणजे देवनागरी लिहिताना शब्दाची अक्षरे काढून झाल्यावर वरची रेघ ओढण्याची शाळेतली रीत आहे, तर मोडीत आधी कागदभर आडव्या रेघा आखून घेत आणि मग बोरू शक्यतो न उचलता अक्षरे त्या रेघेला लोंबवीत. १७५१ मध्ये चांद्याचे, म्हणजे आजच्या चंद्रपूरचे, गोंड राज्य नागपूरकर भोसल्यांच्या ताब्यात गेले, आणि भोसल्यांचा मराठी कारभार चालला तो याच मोडीत. पोथी बालबोधात आणि हिशेब मोडीत, अशी वाटणी मराठी समाजात विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत टिकली. म्हणजे त्याच भाषेसाठी तोच हात एका कामात रेघ शेवटी ओढी आणि दुसऱ्या कामात सुरुवातीला. मीमांसेच्या परिभाषेत हा व्यवस्थित विकल्प आहे: दोन पर्याय, पण प्रत्येकाचे क्षेत्र ठरलेले. एकाच्या क्षेत्रात दुसरा आणला तर पाप लागत नाही, काम मात्र खोळंबते.

आता बौद्धांचा आक्षेप. पाली ग्रंथांत निर्वाणाच्या मार्गावर पहिल्या टप्प्यालाच सुटणाऱ्या तीन बंधनांत सीलब्बतपरामास हे एक सांगितले आहे. शील आणि व्रत यांना चिकटून राहणे, आचार बिनचूक पाळला एवढ्यानेच शुद्धी होईल असे मानणे, असा त्याचा आशय आहे. येथे आचाराला विरोध नाही, कारण भिक्षूंचे विनयाचे नियम कमी काटेकोर नाहीत. विरोध आहे तो नियमाच्या पालनातच फळ साठलेले आहे या समजुतीला, म्हणजे जवळजवळ नियमापूर्वाच्या कल्पनेलाच. चंद्रपूर परिसरात हा विचार परका नाही. भद्रावतीजवळच्या विजासन टेकडीत बौद्ध लेणी आहेत, आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला धम्मदीक्षा घेतल्यानंतर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १६ ऑक्टोबरला चंद्रपूर येथे दीक्षा दिली. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या विधीच्या क्रमात शेवटचे स्थान मिळाले, किंवा मिळालेच नाही, त्यांच्या दृष्टीने ‘परंपरेने असेच चालत आले आहे’ हे उत्तर पुरेसे नसते, आणि ते तसे नसावेच.

तरीही इतिहासाची गंमत अशी की भारतीय अक्षरांना रेघांच्या क्रमाची धार्मिक शिस्त लागली ती बौद्धांच्याच हातून आणि पूर्व आशियात. सातव्या शतकात भारतात आलेला चिनी भिक्षू ह्युएन त्संग आपल्या प्रवासवर्णनात लिहितो की येथील अक्षरे ब्रह्मदेवाने निर्माण केली असून ती सत्तेचाळीस आहेत, आणि मुलांचे शिक्षण बारा प्रकरणांच्या अक्षरपुस्तकापासून सुरू होते. सुमारे ६३९ मध्ये तो कलिंगातून कोसल देशात आणि तेथून आंध्राकडे गेला. या कोसलाची राजधानी कोठे होती याबद्दल एकोणिसाव्या शतकात कनिंगहॅम यांचा कल चांद्याकडे आणि फर्ग्युसन यांचा गडचिरोलीतील वैरागडाकडे होता. आज अभ्यासकांचा कौल छत्तीसगडमधील सिरपूरकडे अधिक झुकतो, तेव्हा ह्युएन त्संग चांद्याकडच्या जंगलातून गेलाच असे म्हणण्याचा मोह आवरलेला बरा. त्याच्यामागून आलेला चिनी भिक्षू इत्सिंग सांगतो की सहा वर्षांचे मूल ‘सिद्धम्’ नावाची वर्णमाला सहा महिन्यांत पुरी करते. मराठी शाळेत कालपरवापर्यंत धुळाक्षरांची सुरुवात ज्या ओनाम्याने होई, तो याच ‘सिद्धम्’चा वंशज.

ही सिद्धम् लिपी मंत्रांसोबत चीनमध्ये आणि, ८०६ मध्ये कूकाई हा भिक्षू जपानला परतल्यावर, तेथील शिंगोन पंथात गेली. भारतात ती व्यवहारातून नाहीशी झाली, पण तेथे कुंचल्याने ती लिहिण्याची रीत, रेघांच्या ठरलेल्या क्रमासह, गुरूकडून शिष्याला दिली जाऊ लागली, आणि ‘अ’ हे एकच अक्षर समोर ठेवून त्यावर ध्यान करण्याची साधना रुजली. जे अक्षर येथे धुळीत गिरवून पुसले जात होते ते तेथे उपास्य झाले. लिहिणाऱ्यांपैकी पुष्कळांना संस्कृत येत नसे. अर्थ न कळता केलेल्या या लेखनाला साधना म्हणावे की आचाराला चिकटणे म्हणावे? याचे उत्तर बाहेरून देता येत नाही. क्रम चुकल्यावर लिहिणारा काय मानतो यावर ते अवलंबून आहे: पुण्य गेले असे मानणारा बुद्धाच्या आक्षेपाच्या कक्षेत येतो, लक्ष कोठे सुटले हे क्रमाने दाखवून दिले असे मानणाऱ्याला तो आक्षेप लागू होत नाही. लक्ष सुटणे आणि ते परत आणणे हे दृष्ट फळ आहे; त्यासाठी नियमापूर्वाची गरज नाही.

क्रम पूर्ण अक्षरात दिसत नाही या सुरुवातीच्या विधानाला एक अपवाद नोंदवायला हवा. ओल्या मातीत किंवा खापरावर कोरताना नंतरची रेघ आधीच्या रेघेला छेदून जाते आणि छेदाचा माग राहतो. १९६६ मध्ये पुरातत्त्वज्ञ बी. बी. लाल यांनी कालीबंगा येथील एका खापरावरील अशा छेदांवरून सिंधू लिपी उजवीकडून डावीकडे लिहिली जात असे हे दाखवले. जिचा एक शब्दही सर्वमान्यपणे वाचता आलेला नाही त्या लिपीबद्दल लिहिणाऱ्याच्या हाताची दिशा मात्र कळली. दगडावर क्रमाचा असा माग काहीशा वेगळ्या अर्थाने लागतो. चंद्रपूर जिल्ह्यातील नागभीड परिसरातील देवटेक येथे सापडलेल्या एकाच शिळेवर दोन लेख आहेत: एक मौर्यकालीन ब्राह्मीतला प्राकृत लेख, प्राण्यांच्या वधाला मनाई करणारा, आणि दुसरा त्यानंतर अनेक शतकांनी कोरलेला वाकाटक रुद्रसेनाच्या धर्मस्थानाचा संस्कृत लेख. आधीची आज्ञा आणि नंतरची श्रद्धा एकाच पृष्ठभागावर राहतात आणि कोण आधी हे लिपीची वळणे सांगतात.

सिंधू लिपी गोंडीच्या आधारे वाचण्याचा प्रयत्न करणारे नागपूरचे भाषाभ्यासक मोतीरावण कंगाली यांनी गोंडी पुनेमाची, म्हणजे गोंडांच्या धर्ममार्गाची, मांडणीही केली. त्यांचे वाचन लिपितज्ज्ञांनी स्वीकारलेले नाही. पण लिपी ही समाजाच्या धर्मस्मृतीचा भाग असते ही त्यामागची भावना समजून घेण्याजोगी आहे. १९४० च्या दशकात मानववंशशास्त्रज्ञ हैमेनडॉर्फ यांच्या पुढाकाराने सीमेपलीकडच्या आदिलाबादमध्ये गोंडीची पहिली वाचनपुस्तके निघाली ती देवनागरीत. त्याआधी, १९१८ मध्ये, बालाघाटच्या मंगलसिंग मसराम यांनी गोंडीसाठी स्वतंत्र लिपी रचली होती. आणि २००६ च्या सुमारास आदिलाबाद जिल्ह्यातील गुंजाळा या गावी आणखी एका गोंडी लिपीतील हस्तलिखिते उजेडात आली. युनिकोडमध्ये मसराम लिपी २०१७ साली आणि गुंजाळा लिपी २०१८ साली दाखल झाली. गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातील मोहगाव येथे २०१९ मध्ये ग्रामसभेने गोंडी माध्यमाची शाळा सुरू केली, तीमागेही भाषा आणि संस्कार वेगळे काढता येत नाहीत हीच धारणा आहे.

मसराम लिपीच्या बाबतीत क्रमाचा प्रश्न त्याच्या आरंभस्थळीच पाहायला मिळतो. युनिकोड प्रत्येक अक्षराला एक अंक देते, छापील तक्ता त्याचा पूर्ण झालेला आकार देतो. पहिली रेघ कोणती हे दोहोंतही नसते. ज्याने लिपी तक्त्यावरून उचलली त्याचा हात देवनागरीत घडलेला असतो, गडचिरोलीच्या दक्षिणेला सिरोंच्याकडे कदाचित तेलुगूत, आणि तो त्या वळणानेच गोंडी अक्षर काढतो. श्रुती नाही, पाठ नाही, प्रयोजनाने एकच क्रम निघत नाही. अशा ठिकाणी मीमांसकांचे सहावे आणि सर्वांत दुबळे साधन उपयोगी पडते, ते म्हणजे प्रवृत्तिक्रम. वाजपेय यज्ञात प्रजापतीसाठी सतरा पशू असतात आणि प्रत्येकावर अनेक संस्कार करायचे असतात. पहिला संस्कार कोणत्याही पशूपासून सुरू करावा, तेथे पूर्ण मोकळीक आहे. पण एकदा ज्या ओळीने सुरुवात झाली तीच ओळ पुढच्या प्रत्येक संस्कारात राखायची. याचे कारणही दृष्ट आहे: त्यामुळे प्रत्येक पशूच्या दोन संस्कारांत सारखेच अंतर पडते, कोणाला अधिक तिष्ठावे लागत नाही. आरंभ स्वैर असूनही त्यातून निघालेला नियम बंधनकारक होतो, आणि त्यासाठी आरंभ दैवी होता असे सांगावे लागत नाही. चिनी आणि जपानी क्रमांतील भेद याहून चांगल्या रीतीने समजावून देता येणे कठीण आहे.

गोंड समाजात अनेक ठिकाणी लग्नाचे फेरे आणि नाचाचे रिंगण घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरते, आणि तिचे समर्थक पृथ्वीच्या परिवलनाचा दाखला देतात. उद्या गोंडी शिकवणाऱ्यांनी गोल वळणाची अक्षरेही याच दिशेने काढावीत असे ठरवले, तर पुनेमातून आलेले हे कारण नियम घालायला पुरेसे आहे. पृथ्वीच्या दाखल्याची त्याला गरजही नाही. मात्र उलट दिशेने वळलेल्या अक्षराचा अर्थ त्यामुळे बदलत नाही. जैमिनीने नित्यकर्माबद्दल दिलेला निर्णय येथे आठवावा: जे कर्म करायचेच आहे ते सर्व अंगे पुरी करता आली नाहीत तरी शक्य तितक्या अंगांनी करावे, कारण क्रम हा कृतीचा गुण आहे आणि गुणासाठी कृतीच टाकून देणे योग्य नाही. डाव्या हाताने लिहिणाऱ्या मुलाला चिनी क्रमाची जवळजवळ सर्व दृष्ट फळे उलटी मिळतात, शाई पुसते, हात रेघेवरून जातो, आणि तरी तो क्रम त्याच्यावर लादला जातो. गोंडी अक्षरांचा तक्ता करणाऱ्यांना ही अडचण आधीच दिसू शकते, कारण त्यांच्यापुढे अजून कोरी पाटी आहे. त्यांनी क्रम सुचवावा, तो सर्व वर्गांत सारखा राखावा, आणि जपानी मार्गदर्शिकेतले ते एक वाक्य आपल्या पुस्तकाच्या पहिल्या पानावर घ्यावे. ज्या दिवशी एखादे मूल गोंडीत भरभर लिहू लागेल आणि त्याच्या जोडून गेलेल्या रेघा दुसऱ्या गावच्या मुलाला वाचता येतील किंवा येणार नाहीत, त्या दिवशी कोणता क्रम उपयोगाचा होता हे कळेल.